हरणीच्या तीन झुली: अशोक चौकातल्या अक्कांचं शिलाईकाम, वर्षभर वापरून

आमच्या हरणी कुत्रीसाठी गेल्या वर्षभरात तीन झुली शिवून घेतल्या. तिन्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या अक्कांकडून. दुकानाला पाटी नाही. खाली घर, वरच्या मजल्यावर पाच मशिनी आणि दारात निळ्या पँटींचे गठ्ठे. कारवानी, पश्मी किंवा मुधोळ जातीचं सडपातळ शिकारी कुत्रं घरात असेल तर हे नीट वाचा, कारण या अंगकाठीला बसेल असं कापड बाजारात तयार मिळत नाही. मी स्वतः बाजारात हात पोळून घेतलाय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंगला, म्हणजे कापड रंगवायला आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे कापडावर आणि रंगावर जे बोलेन ते हाताखालून गेलेलं आहे. कुत्र्यांचं ज्ञान मात्र नाइट शिफ्टमध्ये मिळालं. रंगाचा घाणा चढला की मशीन फिरत राहतं आणि मधे वीस-पंचवीस मिनिटं मोकळी मिळतात. त्या वेळात मी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ग्रेहाउंडच्या, म्हणजे आपल्या कारवानीसारख्याच सडपातळ कुत्र्यांच्या शर्यती बघायला लागलो. उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे दीड. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग आपल्याकडे अडीच. शिफ्टला अगदी जुळणारी वेळ. एक शर्यत जेमतेम तीस सेकंदांची असते. पैसे मी कधी लावले नाहीत, लावणारही नाही. मला कुत्रं पळताना बघायचं असतं. चारही पाय हवेत, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, आणि पहिल्या वळणावर सहाही जण एकमेकांना घासून जाताना कोण आत शिरतो ते.

जुलै 2024 मध्ये इंग्लंडमधल्या टोस्टरला इंग्लिश डर्बी या ग्रेहाउंडच्या मोठ्या शर्यतीची फायनल झाली. 500 मीटर, पहिलं बक्षीस 1 लाख 75 हजार पाउंड. जिंकला डी लाहडेडाह नावाचा कुत्रा, आयर्लंडमधल्या केरी परगण्यातला, प्रशिक्षक लियाम डाउलिंग यांच्याकडचा. ती शर्यत मी किती वेळा बघितली याची मोजदाद नाही. त्याच महिन्यात मामाच्या गावाहून हरणी आली. कारवानी जातीची मादी, तेव्हा अकरा महिन्यांची, रंग वाळल्या कडब्यासारखा. घरात पहिल्यांदा पळाली तेव्हा ओसरीवरून अंगण आणि अंगणातून रस्ता, एवढं तिने दोन ढांगांत संपवलं. आई म्हणाली, "हे कुत्रं न्हाई, हरीण हाय." तेच नाव पडलं.

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली तशी ती पहाटे कुडकुडायला लागली. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ आणि केस आखूड. तिकडे शर्यतीतून निवृत्त झालेलं ग्रेहाउंड ज्या घरात जातं तिथे हिवाळ्यासाठी कोट आधी घेऊन ठेवतात. मी ऑनलाइन एक कोट मागवला, साडेअकराशे रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. 'लार्ज' म्हणून आलेला कोट पोटावर इतका ढगळ की हरणीचा मागचा पाय त्यात अडकला आणि ती पायऱ्यांवरून खाली आली. छातीवर तोच कोट इतका घट्ट की काखेत दोन दिवसांत लाल वळ उठले. परत पाठवायला गेलो तर वापरलेला माल घेत नाही म्हणाले. कुत्र्याला घालून बघितल्याशिवाय माप कसं कळणार, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

माझ्या बायकोची चुलत बहीण अक्कांकडे काज-बटणाला जाते. तिच्या ओळखीने गेलो. मी कागदावर मापं लिहून नेली होती. अक्कांनी कागद बघितलाच नाही.

"दादा, कुत्र्याला आणा की ओ. माणसाचं माप कागदावर येतं. याचं कसं येईल?"

दुसऱ्या दिवशी हरणीला घेऊन गेलो. अक्का तेलुगू बोलत तिच्याजवळ खाली बसल्या, पाच मिनिटं नुसत्याच. टेप हुंगू दिली. मग मापं घेतली: मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत 25 इंच, छातीचा घेर 27, कंबर 18. त्या नऊ इंचांत सगळी गोम आहे. साध्या कुत्र्याच्या छाती-कमरेत एवढा फरक नसतो, म्हणून तयार कोट यांना कधीच बसत नाही. अक्का टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, "नववीतल्या पोरीच्या फ्रॉकसारखी चुणी घालावी लागते." आणि खरंच पोटाखालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन चुण्या घातल्या. छातीखाली एक वेगळा तुकडा जोडला, खोल, होडीच्या बुडासारखा. काखेत कापड येऊच दिलं नाही. तिथे गोल कापून कडेला सुती पायपिंग लावली.

कापड आमच्या घरातलंच, जुनी सोलापुरी चादर. मी स्वतः निवडली, कारण नवी चादर कडक असते. आठ-दहा वर्षं धुतलेली मऊ होते आणि ऊबही धरते. चादरीची नक्षी पाठीच्या बरोबर मध्यावर यावी म्हणून अक्कांनी कापड दोनदा उलटंपालटं करून कापलं. मी सांगितलं नव्हतं. शिलाई 180 रुपये.

ही पहिली झूल अजून शाबूत आहे. तक्रार एकच, वेलक्रो. चादरीचे धागे त्यात अडकून महिनाभरात पकड गेली. अक्कांनी पैसे न घेता वेलक्रो काढून बटणं लावली. झूल घालायची असेल तर पहिल्यापासून बटणंच सांगा.

हिवाळाभर अडीच वाजताच्या शर्यती चालू होत्या. जानेवारी 2025 मध्ये लंडनच्या कडेचा क्रेफर्ड ट्रॅक कायमचा बंद झाला. त्याआधी वॉल्थमस्टो 2008 ला गेला, विम्बल्डन 2017 ला, आणि जिथे जुलै 1926 मध्ये गोल ट्रॅकवरची, यांत्रिक सशामागची ब्रिटनमधली पहिली शर्यत झाली तो मँचेस्टरचा बेल व्ह्यू 2020 ला. माझे आजोबा मिलमध्ये होते. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर चाळ कशी दिसते ते मी लहानपणी बघितलंय, त्यामुळे क्रेफर्डच्या शेवटच्या रात्रीचा व्हिडिओ मला दोन वेळा थांबवून बघावा लागला. फेब्रुवारीत वेल्सच्या सरकारने ग्रेहाउंड रेसिंगवर बंदी आणणार असं जाहीर केलं. तिथे तेव्हा ट्रॅक उरला होता एकच. ब्रिटनची नियामक संस्था दरवर्षी जखमांचे आणि निवृत्तीचे आकडे छापते. ते वाचल्यावर बंदी मागणाऱ्यांचा राग मला समजतो. वळणावर घोटा मोडलेलं कुत्रं मीही बघितलंय आणि त्या रात्री पुढच्या शर्यती बघितल्या नाहीत. तरी त्यांच्या काही गोष्टी आपण उचलाव्यात असं मला मनापासून वाटतं. ब्रिटनमध्ये शर्यतीआधी वजन करतात आणि आधीच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक निघाला तर कुत्रं पळवत नाहीत. 2020 पासून प्रत्येक कुत्र्याच्या नावावर निवृत्तीची रक्कम आधीच ठेवावी लागते, अर्धी मालकाने, अर्धी संस्थेने. आपल्याकडे जत्रेतली कुत्र्यांची पळापळ झाल्यावर हरलेल्या कुत्र्याचं काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. हरणीला मी कुठल्याही शर्यतीत उतरवलेलं नाही.

आता उन्हाळ्याची झूल, जिच्यासाठी खरं हे लिहायला बसलो.

सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते सांगायला नको. पारा 43-44 ला. हरणी दुपारी न्हाणीघरात फरशीवर पडून राहायची, जीभ बाहेर. तिकडे उन्हाळ्यात कुत्र्यांना ओली झूल घालतात हे मला माहीत होतं. पाण्यात भिजवायची, पिळायची, पाठीवर घालायची. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं, माठाचं पाणी गार होतं तसंच. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून इथे ती तिकडच्यापेक्षा जास्त चालायला हवी, असा माझा हिशोब. कापड तर माझ्या हाताखालचंच.

पहिल्यांदा चूक झाली आणि ती माझी, अक्कांची नाही. मी 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा) टेरी टॉवेल नेला, जाड आणि गुबगुबीत. अक्का म्हणाल्या, "जड होईल." मी ऐकलं नाही. भिजल्यावर ती झूल एवढी जड झाली की हरणी खाली बसली आणि उठेना. वर टेरीचे फासे तिच्या नखात अडकून धागे ओढले गेले. तिच्याजागी दुसरी झूल पंचाच्या कापडाची केली, पांढऱ्या पंचाच्या दोन घड्या एकावर एक आणि मधे आडव्या-उभ्या टाक्यांची जाळी, गोधडीसारखी. ती पाणी धरते, लोंबत नाही, फासे नाहीत. पांढराच ठेवला, कारण उन्हात रंगीत कापड तापतं. मानेजवळ अक्कांनी स्वतःच्या मनाने एक तिसरी घडी घातली. "मानेला गार लागलं की सगळ्याला गार लागतं," म्हणाल्या. शिलाई 220.

भिजवून घातली की हरणीचं धापणं दहा मिनिटांत कमी होतं. मी घड्याळ लावून बघितलंय. मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात ती कोरडी पडते, तेव्हा लगेच परत भिजवायची नाहीतर काढायची. कोरडी झूल अंगावर राहिली तर आतली उष्णता कोंडते आणि उलटा त्रास होतो. घरात मागे कुणी लक्ष द्यायला नसेल तर घालूच नका. पाणी माठातलं घ्या, बर्फाचं नको. आणि पावसाळी दमट दिवसात हिचा उपयोग नाही, पाणी उडतच नाही.

2025 च्या उन्हाळ्याची डर्बी मी हरणीच्या शेजारी फरशीवर बसून बघितली, त्या दिवशी सुट्टी होती. ड्रूपीज प्लंज जिंकला, पॅट्रिक यान्सेन्स यांच्याकडचा. तेच ज्यांनी 2021 ला थॉर्न फाल्कन जिंकवला होता. ड्रूपीज हे वॉटरफर्डमधल्या डनफी घराण्याच्या कुत्र्यांचं आडनाव म्हणा. आपल्या वळूला जसं खिल्लारच्या अमक्याच्या दावणीचा म्हणतात तसं.

तिसरी झूल त्याच शर्यतींवरून सुचली. तिथे कुत्रं ज्या खोक्यातून सुटतं त्याच्या क्रमांकाप्रमाणे झुलीचा रंग ठरलेला असतो, ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये एकच. एक लाल, दोन निळी, तीन पांढरी, चार काळी, पाच नारिंगी, सहा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. रात्रीच्या दिव्यात, वाळू उडत असताना, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर मला सगळ्यात आधी कायम पाच नंबर दिसतो. हरणीला मी संध्याकाळी मामाच्या रानात सोडतो आणि कडब्यात ती दिसतच नाही, रंगच तो. एकदा अर्धा तास हाका मारत फिरलो होतो. मग कारखान्यात नमुन्याचं दोन मीटर कापड, सुटीच्या दिवशी परवानगी घेऊन, स्वतः नारिंगी रंगवलं. पक्का रंग, तीन वेळा गरम साबणाने धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत. कुत्रं स्वतःला चाटतं, त्यामुळे उतरणारा रंग नको म्हणजे नको.

अक्कांनी ती पातळ, अंगासरशी शिवली. मानेतून घालायची आणि पोटाखालून एक रुंद इलॅस्टिक. दोन्ही बाजूंना पाच आकडा काळ्या कापडाचा कापून लावला. एका बाजूला मराठी ५, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दोन्ही का, विचारलं तर म्हणाल्या, रानात दोन्हीकडचे लोक असतात. शिलाई 250. आता अर्ध्या किलोमीटरवरून हरणी दिसते. पळताना झूल सरकत नाही, वाळली की सुरकुतत नाही. फक्त पोटाचं इलॅस्टिक तीन महिन्यांत सैल पडलं. ते चांगल्या प्रतीचं स्वतः नेऊन द्या, अक्कांकडे युनिफॉर्मच्या पँटीचं साधंच असतं.

जायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. मे ते जुलै जाऊ नका, शाळांच्या ऑर्डरी असतात. माझी नारिंगी झूल म्हणूनच पाच आठवडे रखडली आणि दर वेळी "पुढच्या आठवड्यात" ऐकावं लागलं. फोनवर काम घेत नाहीत. कुत्र्याला उपाशीपोटी नेऊ नका, चिडतं. आधी फिरवून न्या. वर मशिनींचा आवाज असतो, म्हणून दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते तेव्हा जा. माप घेताना पट्टा तुम्हीच धरा. आणि अक्का जड म्हणाल्या तर जड.

हरणी आता दोन वर्षांची झाली, छाती दीड इंच भरली. पहिल्या झुलीचा छातीखालचा तुकडा उसवून मोठा करायला परवा टाकलाय. त्याच चादरीचं उरलेलं कापड अक्कांनी वर्षभर फळीवर घडी करून जपून ठेवलं होतं.