एकच संच जवळ ठेवायचा झाला तर: केसरबाई, किशोरीताई, 'अभंग तुकयाचे' आणि 'मत्स्यगंधा'

ज्याच्यावाचून चालणारच नाही असा संगीताचा एकच संच निवडायचा झाला, तर गोव्यातल्या मराठी रसिकाची अडचण जरा निराळी असते. त्याच्या आवडीचे निम्मे गाणे अंत्रुज महालातून, म्हणजे फोंडा परिसरातून, निघालेले असते, त्यामुळे गाण्याची पारख आणि गावाचा अभिमान यांची सहज गल्लत होते. म्हणून या आढाव्यात मी कसोटी एकच ठेवली आहे. कलावंत किती थोर हा प्रश्न येथे नाही. तो संच पहाटे, दमून घरी आल्यावर, पाहुण्यांच्या गर्दीत आणि एकटे असताना वर्षानुवर्षे सोबत करतो का, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मध्येच सुई न उचलता ऐकावासा वाटतो का, एवढेच पाहिले आहे. पहिल्यांदाच रेकॉर्ड प्लेअर घेणाऱ्यांना किंवा जहाजावरच्या नोकरीला निघताना मोजकेच सामान नेणाऱ्यांना या तुलनेचा उपयोग व्हावा.

खरी चुरस केसरबाई केरकर आणि किशोरी आमोणकर यांच्या ध्वनिमुद्रणांत आहे. फोंडा तालुक्यातल्या केरी गावी 1892 साली जन्मलेल्या केसरबाई आणि किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर या दोघीही उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या होत्या. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात आणि जुने रहिवासी तेथे जमतात. म्हणजे घराणे एकच, जयपूर-अत्रौली, आणि गुरुपरंपराही एकच, आणि तरीही या दोन संचांतून हाती येणारा अनुभव इतका भिन्न आहे की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असे कोणी गृहीत धरू नये.

केसरबाईंचे जे ध्वनिमुद्रण आज संकलित स्वरूपात मिळते, ते मुळात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे आहे. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक गाणे मावत नसे. बैठकीत एकेक राग सावकाश उभा करणाऱ्या गायिकेने तेवढ्या अवकाशात काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या भैरवीत, 'जात कहाँ हो' या चिजेत, ऐकायला मिळते. आवाज पहिल्या क्षणापासून पूर्ण उघडा आणि भरीव आहे, 'आ'कार कोठेही आक्रसत नाही, आणि तानेची एक फिरत संपते तोच तिच्याच टोकातून दुसरी निघते. तरीही कोठे घाई जाणवत नाही. नासाने 1977 साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत भारतीय संगीताचा एकमेव नमुना म्हणून हीच भैरवी घेतली गेली. त्यांतले नंतरचे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या, ही गोष्ट माझ्या मनातून कधी जात नाही.

मात्र रोजच्या सोबतीसाठी हा संच कठीण आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. कान रागात स्थिरावतो न स्थिरावतो तोच चीज संपते आणि दुसरा राग सुरू होतो. असे आठ-दहा तुकडे सलग ऐकले की आधीचा रंग पुढच्यावर सांडतो आणि कशाचाच ठसा नीट उमटत नाही. जुन्या मुद्रणाची खरखर आहे ती वेगळीच. हा संच एका वेळी एकच तुकडा, पुन्हा पुन्हा आणि मध्ये शांतता ठेवून ऐकायचा आहे. ज्यांचा कान ख्यालाला सरावलेला आहे आणि जयपूर-अत्रौली गायकीचा मूळ साचा ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा. पण पहिला आणि एकमेव संच म्हणून तो कोणाच्या हाती द्यावा असे मला वाटत नाही.

किशोरीताईंची 1970 च्या दशकातली भूप आणि बागेश्रीची एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, नेमकी उलट प्रकृतीची आहे. येथे एका रागाला तबकडीची अख्खी बाजू मिळालेली आहे आणि त्या अवकाशाचा एकही क्षण वाया गेलेला नाही. भूप हा पाच स्वरांचा राग. त्यात मध्यम नाही आणि निषादही नाही. हेच पाच स्वर देशकारातही आहेत, फक्त तेथे धैवताचे राज्य असते आणि भूपात गंधाराचे. 'प्रथम सुर साधे' या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात किशोरीताई त्या गंधाराकडे कशा येतात एवढेच एखाद्या संध्याकाळी ऐकून पाहावे. कधी रिषभावर रेंगाळून, कधी पंचमावरून हलकेच उतरून, तर कधी नुसता स्पर्श करून त्या मागे फिरतात, आणि मग ज्या वेळी त्या गंधारावर खरोखर थांबतात त्या वेळी तो स्वर आपण प्रथमच ऐकत आहोत असे वाटते. त्यानंतर येणारी 'सहेला रे' ही त्यांची स्वतःची बंदिश आहे. ती गुणगुणता येते, आणि म्हणूनच ख्याल कधीही न ऐकलेली माणसेही या तबकडीपाशी थांबतात. दुसऱ्या बाजूची बागेश्री उत्तररात्रीकडे झुकणारी आहे. कोमल गंधार, कोमल निषाद, बलवान मध्यम आणि क्वचितच दिसणारा पंचम यांतून जी व्याकुळता येते, ती भूपाच्या प्रसन्नतेनंतर ऐकली की तबकडी उलटण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात जणू घरातला प्रकाशच बदलतो.

घराण्याच्या शिस्तीला चिकटून असलेल्या जाणकारांचा किशोरीताईंवर एक आक्षेप राहिला आहे: अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीत लयीशी बांधलेला जो डौल होता, तो त्यांनी संथ आलापीसाठी बाजूला सारला. केसरबाईंच्या ध्वनिमुद्रणांशेजारी ठेवून ऐकले तर आक्षेपात तथ्य आहे हे कळते. परंतु एकट्याने, वर्षानुवर्षे ऐकण्याच्या कसोटीवर मला हा बदल उणिवेसारखा कधीच वाटला नाही, कारण त्या संथपणामुळेच ऐकणाऱ्याला रागात शिरायला जागा मिळते. या तबकडीची खरी मर्यादा वेगळी आहे. तिच्यात सकाळ नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि बागेश्री त्यानंतरची. ज्यांचे ऐकणे पहाटेच्या चहाबरोबर आणि देवपूजेच्या वेळी होते, त्यांना ती अपुरी पडेल.

सकाळच्या त्या श्रोत्यासाठी 'अभंग तुकयाचे' आहे. श्रीनिवास खळे यांच्या चाली आणि लता मंगेशकर यांचा आवाज. मंगेशीच्या दीनानाथांची ही लेक, त्यामुळे येथे अभिमान आवरणे अवघड जाते, पण संचाचे मोल खळ्यांच्या चालींत आहे हे विसरता कामा नये. त्या चाली ऐकताना सोप्या वाटतात आणि म्हणायला घेतल्या की त्यांतली वळणे हाती लागत नाहीत. 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' यातली 'आस' जेथे लांबते, तेथे तुकोबांची ओढ आणि स्वराची ओढ वेगळी काढता येत नाही. 'कन्या सासुऱ्यासी जाये' यात मागे वळून पाहणारी मुलगी आहे, पण खळे तिला रडवत नाहीत. आणखी एक लाभ असा की हा संच घरातल्या सर्वांचा होतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालते, गावोगावच्या देवळांत भजनी मंडळे आहेत. अशा गोव्यातल्या घरात तुकोबांचे शब्द आजीला पाठ असतात आणि नातवाला ते येथून पाठ होतात. ज्या घरात संगीत एकट्याने ऐकण्याची सोयच नाही, तेथे भूप-बागेश्रीपेक्षा हाच संच घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन.

'मत्स्यगंधा'च्या पदांविषयी थोडक्यात. हे नाटक वसंत कानेटकरांचे असून 1964 साली दि गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, आणि गाणाऱ्यांत साखळीचे रामदास कामत व मूळ गोव्याच्या आशालता वाबगावकर. 'गुंतता हृदय हे' आणि 'गर्द सभोवती रान साजणी' ही पदे ज्यांच्या तरुणपणाशी जोडलेली आहेत, त्यांना हा संच लागेलच. अभिषेकींनी नाट्यपदाची लांबण कापून त्याला भावगीताची नेमकी बांधणी दिली, आणि म्हणून ही पदे नाटक न पाहताही उभी राहतात. तथापि संच म्हणून ऐकताना एखाद-दुसऱ्या पदासाठी आपण बाकीची ओलांडून जातो, आणि माझ्या कसोटीवर तो येथेच मागे पडतो. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची कोंकणी गाणीही अनेकांच्या यादीत पहिली असतील. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या साथीतला लोर्नाचा तो निर्भर आवाज गोव्याबाहेर राहणाऱ्याला घरी आणून सोडतो, परंतु त्याची तुलना याच संचांशी करणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल.

कोणत्या स्वरूपात घ्यावे हेही निवडीतच येते. गोव्यातले चार महिन्यांचे पावसाळी दमट हवामान तबकडीला मानवत नाही. पुठ्ठ्याच्या वेष्टणाला बुरशी धरते आणि ती खाचांपर्यंत पोहोचली की गाणे खराब होते. जुनी तबकडी घेताना ती उजेडात तिरकी धरून पाहावी, घरी आणल्यावर उभीच ठेवावी, भिंतीला टेकवू नये, आणि उन्हात उभ्या गाडीत तर क्षणभरही सोडू नये. भूप-बागेश्री तबकडीवर घेण्यात अर्थ आहे, कारण तिची रचनाच दोन बाजूंची आहे. केसरबाईंची तुकड्यांची ध्वनिमुद्रणे मात्र सीडीवर किंवा मोबाइलवरच सोयीची पडतात, कारण तेथे एक चीज संपताच थांबता येते आणि तीच पुन्हा लावता येते. जहाजावर जाणाऱ्याने भूप-बागेश्री मोबाइलमध्ये भरून घ्यावी आणि दोन रागांच्या मध्ये स्वतःहून थोडे थांबावे. ज्याच्या घरी आई-वडील आणि मुले एकाच खोलीत बसतात त्याने 'अभंग तुकयाचे' आधी आणावे आणि भूप-बागेश्रीसाठी पुढच्या महिन्यात पैसे बाजूला काढावेत.