जीपार्टेड लाइव्ह: सहा महिन्यांच्या वापरानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांपासून शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या ऑफिसांपर्यंत कामाचा प्रकार एकच आहे. मशीनला चालत असेल तर विंडोज ११ टाकायचं, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसेल तर लिनक्स मिंट. यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग पाडणं. त्यासाठी जीपार्टेड लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणारं पार्टिशनचं साधन, सहा महिने सतत वापरात आहे, आणि मत स्पष्ट आहे: साधन भरवशाचं आहे, पण ते इन्स्टॉलर सुरू करायच्या आधी वापरायचं असतं. इन्स्टॉलरच्या खिडकीत बसून पार्टिशन पाडायला घेतलं की घाईत चुकीचा डिलीट दाबला जातो.

जीपार्टेड लाइव्ह डेबियन लिनक्सवर उभं आहे, फुकट आहे, आणि दोन जीबीचा जुना पेनड्राइव्हही पुरतो. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ बूट करणारं साधन) टाकलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह केला तर विंडोज, मिंट आणि जीपार्टेड अशा तिन्ही आयएसओ फाइल्स एकात बसतात. याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही केलेले बदल आधी खाली यादीत साठतात. अप्लायची खूण दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. ती यादी एकदा शांतपणे वाचून काढायचीच.

आता नेहमीची तक्रार: ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही.’ इथं बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीनं बूट झालेला असतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एका नावापुढे यूईएफआय असतं. यूईएफआयनं, म्हणजे नव्या पद्धतीनं, बूट केलं तर विंडोजला जीपीटी डिस्क लागते, जुन्या लेगसी पद्धतीनं केलं तर एमबीआर. जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या नव्या आणि जुन्या पद्धती. डिस्कवरचं काहीच नको असेल तर इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट आणि त्यात डिस्कपार्ट उघडा, डिस्क निवडा, ‘क्लीन’ आणि मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’ द्या. क्लीन काहीही विचारत नाही, एंटर दाबला की पार्टिशनची यादी कोरी. मशीनमध्ये हार्डडिस्क आणि एसएसडी दोन्ही असतील तर शून्य क्रमांकाची डिस्क एसएसडीच असेल असं धरू नका, जीबीचा आकडा बघून निवडा. त्याहून सोपं म्हणजे हार्डडिस्कची केबल काढून ठेवा.

डेटा हवा असेल तर विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे, पण आपल्याकडच्या जुन्या मशीनवर ते हमखास अडतं. कारण सी प्रायमरी (स्वतंत्र पार्टिशन) आणि डी, ई लॉजिकल म्हणून एक्सटेंडेडच्या (एकात अनेक भाग ठेवणाऱ्या पार्टिशनच्या) पोटात, अशीच मांडणी असते. या साधनाला एक्सटेंडेड चालत नाही आणि प्रायमरीही जास्तीत जास्त तीनच चालतात. म्हणून डी आणि ई बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, जीपार्टेडमध्ये आधी लॉजिकल आणि मग एक्सटेंडेड काढा, विंडोजमध्ये परत येऊन आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. नंतर बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद करून यूईएफआय करायला विसरलात तर मशीन बूट होणार नाही, आणि दोष रूपांतराला दिला जाईल.

सी ड्राइव्ह लहान करणं हे काम मात्र विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटलाच द्यावं. २०० जीबी मोकळे असूनही ते पंधरा-वीस जीबीच सोडायला तयार होतं, कारण मध्ये न हलणाऱ्या फाइल्स असतात: हायबरनेशनची, पेजफाइल, सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती. हायबरनेशन बंद करा, सिस्टीम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करा, रिस्टार्ट करा, मग जागा सुटते. हायबरनेशन बंद केलं की फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि तेच हवं आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं तरी एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) अर्धवट उघडं राहतं. जीपार्टेड मग त्या पार्टिशनपुढे पिवळा त्रिकोण दाखवतं आणि आकार बदलायला नकार देतं. तो नकार योग्य आहे, जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये चेकडिस्क एफ पर्यायासह चालवा, दोनदा रिस्टार्ट करा, मग या.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं) तपासणं आता अनिवार्य झालं आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. जीपार्टेड त्या पार्टिशनला बिटलॉकर असं नाव देतं, आकार बदलू शकत नाही. सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

न आवडलेली गोष्ट एकच, पण मोठी. पार्टिशनची सुरुवात डावीकडे सरकवायची म्हटली की जीपार्टेडला आतला सगळा डेटा उचलून हलवावा लागतो. ४०० जीबी भरलेल्या हार्डडिस्कवर हे तासन्‌तास चालतं, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या. वळवाच्या पावसाच्या दिवसांत हे काम घेऊच नये. दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, तेवढ्यात हे संपत नाही. डेटा बाहेर काढून पार्टिशन उडवून नवीन पाडणं जास्त सुरक्षित, बहुतेकदा लवकरही होतं. एमबीआर डिस्कवर विंडोजची सुरुवात हलली तर बूटही तुटतं, कारण तिथं बूटची नोंद जागेच्या क्रमांकावर अवलंबून असते.

डिस्क इन्स्टॉलरमध्ये अजिबातच दिसत नसेल तर ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर आधी व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) बघा. त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून लोड करा किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर बंद करण्यापूर्वी सेफ मोड लावून घ्यावा, नाहीतर निळा पडदा येतो.

मिंटसाठी २४० जीबीच्या एसएसडीवर रूटला (सिस्टीमसाठी) ६० जीबी आणि उरलेलं होमला (आपल्या फाइल्ससाठी) ही मांडणी छान चालली. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही, फाइल पुरते. शेजारी विंडोज असेल तर तिचंच ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचं) वापरा, पण त्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नाही ना, हे दोनदा बघा. ती खूण राहिली तर विंडोजचा बूटलोडर जातो. तो विंडोजच्या बीसीडीबूट या आज्ञेनं परत बसवता येतो, डेटाला धक्का लागत नाही.

गुजरीतल्या सराफाची बिलं असोत की मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचं टॅली, डेटा कुठल्या फोल्डरात आहे हे त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडून बघावं, डी ड्राइव्हला असेल असं समजू नये. चुकून पार्टिशन उडालंच तर हार्डडिस्कवर टेस्टडिस्क हे साधन ते बऱ्याचदा परत मिळवून देतं. एसएसडीवर ट्रिम (मोकळी झालेली जागा साफ करायची आज्ञा) चालला की आतलं पुसलं जातं, म्हणून चूक कळताच त्या डिस्कवर काहीही न लिहिता मशीन बंद करा आणि टेस्टडिस्क दुसऱ्या मशीनवरून चालवा.