वीजबिल माफीच्या नावाखाली आमच्या वस्तीत झालेली फसवणूक

नाशिकमध्ये सातपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत माझी आत्या ज्या वस्तीत राहते, तेथील अनेक कुटुंबांना थकलेल्या वीजबिलात मदत करतो असे सांगून एका माणसाने फसवले. प्रकरण पोलिसांकडे असल्याने त्याचे नाव लिहीत नाही; परंतु त्याची पद्धत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्याने खोट्याच्या जोडीला बऱ्याच खऱ्या गोष्टी वापरल्या होत्या.

महावितरणने 1 सप्टेंबर 2024 पासून अभय योजना सुरू केली होती. ज्यांचा वीजपुरवठा 31 मार्च 2024 पूर्वीच कायमचा खंडित झाला होता, अशा ग्राहकांसाठी ती होती. त्यांनी मूळ थकबाकी भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ होणार होता, आणि एकरकमी भरणाऱ्या लघुदाब (म्हणजे घरगुती वगैरे कमी दाबाची जोडणी असलेल्या) ग्राहकाला मूळ रकमेतही 10 टक्के सवलत होती. या माणसाने त्याच योजनेचे नाव छापलेला फलक वस्तीच्या तोंडाशी लावला आणि ज्यांचे मीटर चालू होते त्यांनाही ‘निम्मे बिल माफ’ असे सांगू लागला. आत्याची थकबाकी 11,000 रुपयांच्या घरात होती. साडेपाच हजार आणि वर ‘फाइल चार्ज’ एवढ्यात सगळे मिटेल, तेही आठवड्याच्या हप्त्यांनी, असे त्याने तिला सांगितले. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला उपविभाग कार्यालयात रांग लावायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते.

पैसे रोखीने त्याच्याच हातात का द्यायचे, या प्रश्नाचेही उत्तर त्याच्याकडे तयार होते. वीजबिल भरणा केंद्रावर घरगुती ग्राहकाकडून महिन्याला 5,000 रुपयांपेक्षा जास्त रोख स्वीकारत नाहीत, हा नियम 1 ऑगस्ट 2023 पासून खरोखरच लागू आहे. त्याचा आधार घेऊन तो म्हणे, ‘मावशी, तुमची रक्कम मोठी आहे, मी ऑनलाइन भरतो.’ सुरुवातीला त्याने प्रत्येकाच्या खात्यावर थोडी रक्कम भरलीही, त्यामुळे पुढच्या बिलात भरणा झाल्याची नोंद दिसली आणि लोकांचा विश्वास बसला. त्यानंतरच्या सगळ्या पावत्या त्याच्या स्वतःच्या होत्या. वर गोल शिक्का, आणि महावितरणचा पावती क्रमांक कुठेही नाही.

सर्वांत घातक गोष्ट मात्र सगळे उघडकीस आल्यावरच आमच्या लक्षात आली. अर्ज भरण्याच्या निमित्ताने त्याने प्रत्येकाचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घेतला होता आणि त्या खात्यांवर स्वतःकडचे मोबाइल क्रमांक नोंदवून टाकले होते. वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला लेखी नोटीस देऊन पूर्ण 15 दिवसांची मुदत द्यावी लागते, असे विद्युत कायदा 2003च्या कलम 56 मध्ये म्हटले आहे, आणि महावितरण अशा सूचना नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवते. आत्यापर्यंत त्यातली एकही पोहोचली नाही. ज्या एक-दोन घरांत कागदी नोटीस आली, त्यांना ‘असले कागद सगळ्यांनाच येतात, फाइल वर गेली आहे’ असे सांगून त्याने गप्प बसवले. शेवटी वायरमन आला आणि ओळीतल्या घरांची वीज तोडून गेला. तोपर्यंत फलक निघाला होता आणि त्याचा फोन बंद झाला होता.

दिलेले पैसे तर गेलेच. शिवाय मूळ थकबाकी, तिच्यावर चढलेला विलंब आकार आणि पुनर्जोडणी शुल्क असे सगळे पुन्हा उभे राहिले. माणूस पैसे घेऊन पळाला याहून, गरिबांना वेळेवर मिळायला हवी असलेली सूचनाच त्याने मध्ये अडवली, याचा मला अधिक संताप येतो. नोटीस हातात पडली असती तर त्या पंधरा दिवसांत आत्याने भिशीतून किंवा नातेवाइकांकडून काहीतरी उभे केले असते.

ज्यांनी अशा कोणाला कागदपत्रे दिली आहेत, त्यांनी आधी महावितरणच्या 1912 या क्रमांकावर फोन करून आपल्या खात्यावर कोणाचा मोबाइल नोंदवलेला आहे हे विचारावे आणि तो बदलून घ्यावा. थकबाकीसाठी हप्ते हवे असतील तर तसा अर्ज स्वतः उपविभाग कार्यालयात द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. या अर्जासाठी कोणत्याही मध्यस्थाची गरज नसते. बिलाची रक्कमच चुकीची वाटत असेल, तर ती निषेध नोंदवून भरता येते आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर तातडीने कळवावे. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नये, कारण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आत्याला आता कार्यालयातूनच हप्ते मिळाले आहेत आणि वीज जोडून मिळाली आहे. वस्तीतल्या ज्या कुटुंबांनी अजून तक्रार दिलेली नाही, त्यांनी त्या शिक्क्याच्या पावत्या फाडून टाकू नयेत. कोणी किती रक्कम दिली हे दाखवणारा तेवढाच कागद त्यांच्या हाती आहे, आणि तपास अधिकारी सर्वप्रथम तोच मागतात.