जादूशाळेचा अभ्यासक्रम: बरेच महिने खेळून झाल्यावर

लेखी रोलप्लेसाठी, म्हणजे एकेकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट लिहायच्या खेळासाठी, आमच्या गटाने जादूशाळा रचली, तिचा अभ्यासक्रम आता चांगला मुरलाय. विषयांची भारदस्त नावं कुणाच्या ध्यानात नाहीत. कुठल्या जादूची काय किंमत मोजावी लागते, ते मात्र सगळ्यांना पाठ आहे.

सांगाडा घेतला मध्ययुगीन युरोपातल्या सात विद्यांचा: आधी व्याकरण, तर्क, वक्तृत्व, मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. ही उतरंड फार कामाला आली. पहिल्या वर्षी फक्त मंत्राचं व्याकरण, त्यामुळे नवं पात्र आल्याआल्या विजा पाडू शकत नाही. गॉडमॉडिंगवरची, म्हणजे आपल्या पात्राला वाट्टेल ती ताकद देण्यावरची, निम्मी भांडणं तिथेच मिटली.

सगळ्यात चालला तो सावलीशास्त्राचा तास. गृहपाठ एवढाच: आपली सावली संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला उसनी द्यायची, आणि ती परत मिळेपर्यंत उन्हात जायचं नाही. एका पात्राने ती नेमकी आपल्या वैरिणीला दिली. तिने परत करायला साफ नकार दिला. मग काय, तो दिवसभर व्हरांड्यातून खांबाआडून फिरतोय, मित्र वाटाघाटी करताहेत, रखवालदार लाच मागतोय! हे कुणीच आधी ठरवलं नव्हतं. ज्या गृहपाठाला दुसरं पात्र लागतं, त्यातून सीन आपोआप निघतो.

जादूचा इतिहास मात्र साफ झोपला. शिक्षकाने पानभर व्याख्यान लिहायचं आणि बाकीच्यांनी ‘मान डोलावली’ म्हणून मोकळं व्हायचं, हा कसला खेळ? आठवड्याचं वेळापत्रकही निव्वळ शोभेचं; सगळे एका वेळी ऑनलाइन येतात कुठे?

परीक्षेचे फासे बदलले ते उत्तम झालं. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा सारखाच, ५ टक्के. अभ्यासू आणि उनाड एकाच पारड्यात. आता सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. ३६ पैकी ६ वेळा सात येतात, बारा एकदाच, म्हणून बहुतेक जण मधेच राहतात. विशेष श्रेणीला किमान १० लागतात, पण अभ्यासाचा सीन लिहिला असेल तर एक गुण जास्त. तेवढ्याने शक्यता ३६ पैकी ६ वरून १० वर जाते. परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयात जी गर्दी उसळते, ती त्या एका गुणापायी.

नवा गट असेल तर चार विषय पुरेत. आमचं सातवं वर्ष अजून कोरंच आहे. तिथवर पोचलंय कोण!