नवा कोच बिऱ्हाडासकट आला की एकटाच?

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहणाऱ्या मित्राचा फोन आला. मुलगी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत शिकते. प्रश्न साधा होता: यंदा तिच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलची सीझन तिकिटं काढू की नको? गेल्या वर्षी त्याने ती डोळे झाकून काढली होती, कारण कोच म्हणून बिल बेलिचिक आले होते. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याला तिकिटं फुकट द्यायलाही माणूस मिळेना.

फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेटवाला, लंबगोल चेंडूचा. कॉलेजच्या सीझनमध्ये बारा सामने. त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर आणि बहुतेक शनिवारी. सीझन तिकीट घेणं म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले अर्धे शनिवार आधीच विकून टाकणं. त्यामुळे प्रश्न नुसता पैशांचा नसतो.

मित्राला उत्तर द्यायला मी दोन संघ शेजारी शेजारी ठेवले. एक २०२४ चा इंडियाना, दुसरा २०२५ चा नॉर्थ कॅरोलायना. दोघांकडे नवा कोच आणि दोघांचा तो पहिलाच सीझन. शिवाय दोन्ही गावं मुळात बास्केटबॉलची. इंडियानाच्या ब्लूमिंग्टनमध्ये बास्केटबॉलचे कोच बॉब नाइट, चॅपल हिलमध्ये कोच डीन स्मिथ आणि खेळाडू मायकेल जॉर्डन. बास्केटबॉल सुरू होईपर्यंत वेळ घालवायचा म्हणून फुटबॉल बघायचा, अशी दोन्हीकडची रीत. स्टेडियमही साधारण सारखीच, पन्नास हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढी.

वारशात काय मिळालं

इथे नॉर्थ कॅरोलायना सरळ वरचढ होती. २०२४ मध्ये, आधीचे कोच मॅक ब्राउन यांच्या शेवटच्या वर्षी, संघ ६ जिंकला, ७ हरला. फार बरं नाही, पण घर पडकं नव्हतं. इंडियानाची अवस्था वेगळी. २०२१ मध्ये २ विजय, २०२२ मध्ये ४, २०२३ मध्ये ३. पहिल्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पराभव नावावर असलेल्यांत त्यांची गणना व्हायची. २०२४ च्या सीझनआधी पत्रकारांनी बिग टेनच्या, म्हणजे इंडियाना ज्या गटात खेळतो त्यातल्या, १८ संघांची क्रमवारी लावली, त्यात इंडियाना सतरावा होता. खाली फक्त शेजारचा पर्ड्यू.

कोच कोण

बेलिचिक यांचं नाव फुटबॉल न बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मुख्य कोच म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची अजिंक्यपदं, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये जवळपास पन्नास वर्षं. डिसेंबर २०२४ मध्ये चॅपल हिलने त्यांना पाच वर्षांच्या करारावर आणलं, वर्षाला एक कोटी डॉलरवर. वय ७२. कॉलेजच्या संघाला त्यांनी कधीच कोचिंग केलेलं नव्हतं. त्यांचे वडील मात्र १९५० च्या दशकात याच युनिव्हर्सिटीत सहायक कोच होते, त्यामुळे घरवापसीची गोष्ट वर्तमानपत्रांना आयती मिळाली.

कर्ट सिग्नेटी हेही कोचच्याच पोटी जन्मलेले, पण वाट अगदी उलटी. २००७ पासून चार वर्षं ते अलाबामात नामवंत कोच निक सेबन यांचे सहायक होते. तिथली मोठी नोकरी सोडून वयाच्या पन्नाशीत ते पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान, दुसऱ्या दर्जाच्या कॉलेजचे मुख्य कोच झाले. पुढे इलॉन आणि मग जेम्स मॅडिसन. जेम्स मॅडिसनमध्ये पाच वर्षांत ५२ विजय, ९ पराभव. मुख्य कोच म्हणून एकही सीझन तोट्याचा नाही. इंडियानाने त्यांना घेतलं तेव्हा ते ६२ वर्षांचे होते आणि बाहेर फारसं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. खेळाडूंना काय सांगून बोलावता, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, मी जिंकतो, गुगल करून बघा. तेव्हा लोक हसले. मीही हसलो.

म्हणजे वारसा आणि नाव या दोन्ही रकान्यांत चॅपल हिल पुढे. मित्राने पैसे भरले ते इथपर्यंतच वाचून. तो एकटा नव्हता. त्या वर्षीची सीझन तिकिटं पहिला सामना व्हायच्या आतच संपली होती.

बिऱ्हाड

खरा फरक इथे आहे.

पूर्वी नव्या कोचला तीन-चार वर्षं द्यायची पद्धत होती. शाळेतून निवडलेली मुलं त्याच्या हाताखाली मोठी होईपर्यंत थांबायचं. २०२१ नंतर हे गणित मोडलं. त्या वर्षी खेळाडूंना एक सीझन बाहेर न बसता कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही. २०२५ च्या जुलैपासून तर युनिव्हर्सिट्या थेट वाटा देतात, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आता कोच एका हिवाळ्यात अख्खा संघ बदलू शकतो. म्हणून विचारायचं ते एवढंच, की नव्या माणसांनी एकमेकांबरोबर याआधी काम केलंय का?

सिग्नेटी ब्लूमिंग्टनला आले ते अख्खं बिऱ्हाड घेऊन. आक्रमणाचे कोच माइक शॅनहन आणि बचावाचे ब्रायंट हेन्स, दोघेही जेम्स मॅडिसनचे. त्यांच्यामागून तिथले तेरा खेळाडू. लाइनबॅकर एडन फिशर, बचावाच्या कडेचा मिकाइल कमारा, कॉर्नरबॅक डिअँजेलो पाँड्स, रिसीव्हर एलायजा सॅरॅट. ही मुलं नावाजलेली नव्हती, पण त्यांना त्या पद्धतीतला प्रत्येक इशारा पाठ होता आणि नव्या गावात ती बाकीच्यांना शिकवू शकत होती. सिग्नेटींचा निकषही तसाच रोखठोक. पुढेमागे काय करेल यापेक्षा मुलाने आजवर काय करून दाखवलंय, ते बघायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, तोही त्याच न्यायाने आणला. ओहायो युनिव्हर्सिटीत, म्हणजे ओहायो स्टेटमध्ये नव्हे, पाच वर्षं काढलेला कॅनडाचा कर्टिस रोर्क. देखणा खेळ नाही, पण चुका कमी.

बेलिचिकही माणसं घेऊन आले, यात वाद नाही. मुलगा स्टीव्ह बचावाचा कोच, जुने सहकारी मायकेल लोम्बार्डी जनरल मॅनेजर, आक्रमणाचे कोच फ्रेडी किचन्स मात्र आधीपासून तिथलेच. पण हे बिऱ्हाड थोरामोठ्यांचं होतं, खेळणाऱ्या मुलांचं नव्हतं. मैदानावर उतरायला सत्तरच्या आसपास नवे खेळाडू गोळा केले, कुणी शाळेतून, कुणी या कॉलेजातून, कुणी त्या. क्वार्टरबॅक जिओ लोपेझ साउथ अलाबामाहून आलेला. एकमेकांची नावं पाठ व्हायलाच ऑगस्ट गेला असेल. व्यावसायिक संघात हे चालतं, तिथे तिशीतले लोक नोकरी म्हणून पाठांतर करतात. इथे एकोणीस वर्षांचा मुलगा सकाळी अर्थशास्त्राचा तास करून सरावाला येतो. लोम्बार्डी तर चॅपल हिलला बत्तीस संघांच्या व्यावसायिक लीगचा तेहतिसावा संघ म्हणायचे. मला त्या वाक्यातच धोका दिसायला हवा होता.

सामने कुणाशी

हा रकाना सगळ्यात कमी वाचला जातो, आणि इंडियानाच्या चाहत्यांना तो काढलेला आवडत नाही. २०२४ मध्ये बिग टेनमधले ऑरेगन आणि पेन स्टेट हे दोन दांडगे संघ त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ज्यांच्याशी सामने झाले त्यांतल्या यूसीएलए, वॉशिंग्टन, मिशिगन स्टेट आणि मिशिगन या चौघांकडेही त्याच वर्षी नवा कोच होता. मिशिगन आणि वॉशिंग्टन आदल्या सीझनच्या अंतिम सामन्यात खेळलेले, पण कोच बदलले, खेळाडू पांगले आणि नावं तेवढी मोठी राहिली. बिऱ्हाडासकट आलेल्या नव्या कोचला विस्कटलेल्या घरांशी खेळायला मिळालं.

चॅपल हिलचं वेळापत्रकही काही हिमालय नव्हतं. ते निमित्त त्यांना मिळत नाही.

झालं काय

इंडियानाने पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. असं त्यांच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. नेब्रास्काला ५६-७, मिशिगनला २०-१५, शेवटी पर्ड्यूला ६६-०. रोर्कच्या अंगठ्याला दुखापत झाली तेव्हा राखीव टेव्हन जॅक्सनने वॉशिंग्टनविरुद्धचा सामना काढून दिला. क्वार्टरबॅक बदलूनही यंत्र चालतं, ही मला सगळ्यात मोठी खूण वाटली. जिथे तगडा प्रतिस्पर्धी भेटला तिथे मात्र फुगा आकसला. ओहायो स्टेटने ३८-१५ आणि प्ले-ऑफमध्ये नोत्र दामने २७-१७ असं हरवलं. एकूण ११ विजय, २ पराभव, सामन्यामागे ४१ गुण.

चॅपल हिलचा पहिला सामना १ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारी रात्री, टीसीयूशी, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीशी. प्रेक्षकांत खुद्द मायकेल जॉर्डन. पहिल्याच चढाईत टचडाउन झाला, मित्राने मला स्टेडियममधून फोटो पाठवला. त्यानंतर टीसीयूने सलग ४१ गुण केले. शेवट १४-४८. बेलिचिक मुख्य कोच असताना त्यांच्या संघाने एका सामन्यात इतके गुण कधीच दिले नव्हते. पुढचा फोटो आला तो पार्किंगमधल्या रांगेचा.

एका गोष्टीसाठी बेलिचिकना झुकतं माप देईन. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्यांचा बचाव खरंच सुधारला. कॅलिफोर्नियाशी १८-२१ ने हरले, तेही गोलरेषेवर चेंडू हातातून निसटला म्हणून. व्हर्जिनियाशी जादा वेळेत १६-१७, दोन गुणांचा शेवटचा प्रयत्न काही इंचांनी हुकला. पण आक्रमण अखेरपर्यंत लंगडंच राहिलं, सामन्यामागे जेमतेम १९ गुण. शेवटचे तिन्ही सामने हरले आणि ते तिन्ही राज्यातल्याच वेक फॉरेस्ट, ड्यूक आणि एनसी स्टेटशी. एकूण ४ विजय, ८ पराभव. सोमवारी ऑफिसात ड्यूकवाल्यांसमोर बसणं काय असतं, ते मित्राने मला विस्ताराने सांगितलं आहे.

मग आता तिकिटाचं

इंडियानाची पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २०२५ मध्ये क्वार्टरबॅक बदलला, कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा आला, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि संघ १६ पैकी १६ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. म्हणजे ज्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्लूमिंग्टनची तिकिटं घेतली, त्याच्या हाती घबाड लागलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला कुणी विचारलं असतं, तर मी घेऊ नका असंच म्हटलं असतं. सात-आठ सामने जिंकतील इतपत कळत होतं. सोळा-शून्यचा अंदाज होता म्हणणारा आज कुणी भेटला, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

म्हणून पहिल्या वर्षीच्या कोचसाठी माझा हिशोब असा आहे. क्वार्टरबॅकने आधी कुठेतरी किमान दोन वर्षं पहिल्या पसंतीने खेळलेलं असावं. कोचच्या जुन्या संघातले डझनभर खेळाडू मागून आलेले असावेत. हे दोन्ही असेल तर तिकीट घ्यायला हरकत नाही, कोचचं नाव उच्चारता येत नसलं तरी. यंदा पेन स्टेटला मॅट कॅम्पबेल आले आहेत, आयोवा स्टेटमध्ये दहा वर्षं काढून, आणि तिथला तीन वर्षांचा मुरलेला क्वार्टरबॅक रॉको बेक्टही सोबत. ही खूण मला ब्लूमिंग्टनच्या जातीची वाटते. फरक एवढाच की लाखावर प्रेक्षकांच्या त्या स्टेडियमला सात-आठ विजयांत समाधान नसतं.

आणि नुसतं नाव मोठं असेल, मैदानावरची मुलं एकमेकांना अनोळखी असतील, तर थांबावं. सप्टेंबरमध्ये दोन पराभव झाले की रिसेलवर तिकिटं पडेल भावाने मिळतात. तेव्हा एकेका सामन्याचं घेता येतं, आवडत्या शनिवारचं, ऊनपाऊस बघून.

चॅपल हिलमध्ये बेलिचिक यांचं हे दुसरं वर्ष. किचन्स गेले, आक्रमणाची सूत्रं बॉबी पेट्रिनो यांच्याकडे आली. गुण कसे करायचे हे त्यांना कळतं, याबद्दल त्यांच्या टीकाकारांनाही शंका नसते. गेल्या वर्षीची बचावातली मुलं टिकली असतील तर सहा विजय अशक्य नाहीत. पण सहा विजयांसाठी सगळे शनिवार गहाण टाकायचे का? मित्राला मी म्हटलं, मुलीचं विद्यार्थी तिकीट आहेच. तू ऑक्टोबरमधले दोन सामने सुटे घे आणि ड्यूकचा सामना घरी टीव्हीवर बघ, म्हणजे बंद तरी करता येईल.

सीझनचा पहिला सामना तर चॅपल हिलला नाहीच. तो २९ ऑगस्टला आयर्लंडमध्ये, डब्लिनला आहे आणि समोर पुन्हा तेच टीसीयू. हे ऐकल्यावर मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डब्लिनची विमानतिकिटं बघून ठेवलीयत. येतोस का?"