हौसेसाठी जुना सेमी ट्रक: फ्रेटलायनर एफएलडी १२०

अमेरिकेत हौसेखातर जुना सेमी, म्हणजे अवजड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचा ट्रेलरशिवायचा नुसता पुढचा भाग, घेऊ पाहणारे लोक बहुधा लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ किंवा केनवर्थ डब्ल्यू९०० शोधत असतात. दोन्ही गाड्या देखण्या आहेत यात वाद नाही. परंतु त्या देखणेपणाची किंमत विक्रेता पुरेपूर वसूल करतो, आणि क्रोमच्या झगमगाटात खालची चेसिस नीट पाहायची राहून जाते. इलिनॉयमध्ये राहून गेली काही वर्षे मी १९९० च्या दशकातला फ्रेटलायनर एफएलडी १२० सांभाळतो आहे, आणि पहिलाच जुना ट्रक घेणाऱ्याला मी ठामपणे हाच सुचवेन. अट एकच, की बॉनेटखाली डेट्रॉइट सिरीज ६० हे १२.७ लिटरचे इंजिन असावे.

हे इंजिन १९८७ मध्ये बाजारात आले आणि अवजड ट्रकच्या इंजिनांमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मुळापासूनच बसवून देण्याची सुरुवात त्यानेच केली. सरळ रांगेतले सहा सिलिंडर, वर कॅमशाफ्ट आणि त्याच्यावरच चालणारे इंजेक्टर, इतकी त्याची रचना सुटसुटीत आहे. मोठ्या वाहतूक कंपन्यांनी हे मॉडेल भरभरून घेतल्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि त्यावर हात बसलेला मेकॅनिक बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात सापडतो. शिवाय २००७ नंतरच्या गाड्यांना असणारी काजळीची गाळणी आणि २०१० नंतर आलेली, धूर शुद्ध करणाऱ्या युरियाची टाकी या दोन्ही गोष्टी इथे नाहीत. महिन्यातून एखाद-दोन वेळा जवळपास फिरवल्या जाणाऱ्या गाडीत ती गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबते, म्हणून हौशी मालकासाठी हा फरक फार मोठा आहे.

मात्र अशा जुन्या गाड्यांचे भाव चढलेले आहेत, आणि त्याला आणखी एक कारण आहे. चालकाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद डिसेंबर २०१७ पासून सक्तीची झाली, पण २००० पूर्वीच्या मॉडेलची इंजिने असलेल्या ट्रकना त्यातून सूट मिळाली. साहजिकच धडधाकट जुन्या गाड्या स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या व्यावसायिकांनी धरून ठेवल्या, आणि विक्रीला येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे हातातली गाडी मालक का सोडतो आहे, हा प्रश्न मनात ठेवूनच पाहावे लागते.

पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला आवर्जून सांगावे की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन किती वेळात पेटते आणि पांढरा धूर किती वेळ रेंगाळतो, यावरून बरेच कळते. इंजिन तापल्यावर तेल भरायच्या नळीचे झाकण उघडून ते उलटे करून तिच्या तोंडावर नुसते ठेवावे. ते थरथरत जागेवर राहिले तर ठीक; उडून पडले तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली उतरतो आहे आणि चेसिसवरच इंजिन उघडून नवे करण्याची वेळ जवळ आली आहे असे समजावे. त्या कामाचा खर्च पंधरा-वीस हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर जातो, म्हणजे कित्येकदा संपूर्ण गाडीच्या किमतीइतका. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला त्या मानाने नगण्य पैसे लागतात आणि तेलात डिझेल, कूलंट किंवा धातूचे कण आहेत का, हे त्यातून स्पष्ट होते. कूलंटही तपासावे, कारण या इंजिनांचे लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळकांडी, थेट कूलंटमध्ये असतात आणि कूलंटमधले संरक्षक रसायन संपले की त्यांना बाहेरून बारीक छिद्रे पडू लागतात.

हवेच्या ब्रेकची परीक्षा मात्र कोणालाही स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनी करता येते, आणि ती कधीही टाळू नये. चाकांना उटी लावून टाक्यांमध्ये दर चौरस इंचाला १२० पौंडांच्या आसपास दाबाची हवा भरू द्यावी, मग इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडावा. ट्रेलर नसताना मिनिटाला २ पौंडांपेक्षा, आणि पेडल दाबून धरल्यावर ३ पौंडांपेक्षा अधिक हवा उतरता कामा नये. त्यानंतर पेडल पुन:पुन्हा मारून हवा कमी करत न्यावी. ६० पौंडांच्या सुमारास धोक्याची घंटा वाजली पाहिजे, आणि २० ते ४५ पौंडांच्या दरम्यान डॅशवरची पार्किंग ब्रेकची पिवळी कळ आपोआप बाहेर उसळून ब्रेक लागले पाहिजेत. शेवटी हवेच्या टाकीखालची निचऱ्याची दोरी ओढून पाहावी: नुसती हवा आली तर उत्तम, पाणी आले तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरकडे दुर्लक्ष झाले आहे, आणि तेलकट फेस आला तर कॉम्प्रेसर थकलेला आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे चेसिसच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये गंज फुगून पट्टी वाकलेली मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. एफएलडीची केबिन ॲल्युमिनियमची असल्याने ती स्वतः गंजत नाही, पण जिथे पोलादी भाग तिला भिडतात तिथे रंगाला फोड येतात. दरवाज्यांचे रबर गळते, डॅशचे प्लॅस्टिक तडकते आणि बॉनेटच्या बिजागऱ्या ढिल्या होतात. हे दोष या मॉडेलमध्ये सर्रास आढळतात आणि ते सारे थोड्या खर्चात दुरुस्त होण्यासारखे आहेत.

चालवण्याचा आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे. माझ्या ट्रकला ईटन फुलरचा दहा गियरचा बॉक्स आहे. त्यात गियरचे फेरे आपोआप जुळवणारे सिंक्रोनायझर नाहीत, म्हणून प्रत्येक गियरला डबल क्लच लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचे फेरे जुळवायचे, पुन्हा क्लच आणि मग गियर. पाचव्यानंतर दांड्यावरची कळ वर केली की त्याच जागांवर सहा ते दहा गियर सापडतात. माझे मामा उमेदीच्या काळात टाटा १२१० घेऊन खंबाटकीचा घाट चढत असत. ते इथे आले असता रिकाम्या खासगी यार्डात त्यांना चालवायला दिला, तर आकाराने दुप्पट वाटणाऱ्या या गाडीचे गियर त्यांनी पहिल्याच फेरीत आवाज न करता टाकले. पुढचा आक्सल मागे सरकवलेला असल्यामुळे एफएलडी हा पीटरबिल्ट ३७९ च्या तुलनेत कमी जागेत वळतो, आणि अरुंद यार्डात हे सुख रोज जाणवते. ट्रेलर नसताना मात्र मागच्या चाकांवर भार नसतो. ओल्या रस्त्यावर ती सहज लॉक होतात आणि गाडी थांबायला अधिक अंतर घेते, याचे भान सतत ठेवावे लागते.

कागदपत्रांचे नियम राज्यागणिक बदलतात. व्यावसायिक परवान्याची केंद्रीय सीमा २६,००१ पौंडांपासून सुरू होते, पण खासगी वापरालाही काही राज्ये वजनावरूनच परवाना मागतात, तेव्हा आधी परवाना कार्यालयात विचारावे. अनेक राज्यांत २५ वर्षांवरच्या वाहनाला ऐतिहासिक नोंदणी मिळते. नेहमीच्या मोटार विमा कंपन्या बहुधा नकार देतात, आणि निवासी वसाहतीत सुमारे पंचवीस फुटांची गाडी उभी करू देत नाहीत. म्हणून जागा आणि विमा ठरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टायर दहा आहेत आणि चांगल्या नव्या टायरला चारशे ते सहाशे डॉलर पडतात. नक्षी खोल दिसली तरी टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत, पहिले दोन उत्पादनाच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे.

एफएलडी आणि ३७९ शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर आयोवातल्या वॉलकॉट येथे दर जुलैत भरणाऱ्या ट्रकचालकांच्या मेळाव्याला जावे. जुन्या गाड्यांचे मालक तिथे आपणहून बॉनेट उघडून दाखवतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीचे सभासद असल्यामुळे विक्रीस असलेल्या खात्रीच्या गाड्यांची माहितीही बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळते.