चालू ईमॅक्समध्ये मेल लिहावा की दर वेळी नवा एडिटर उघडावा?

माझा आतेभाऊ पीएचडी करतो. परवा कर्वेनगरला टपरीवर लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "दादा, मी मेलसाठी मट वापरायला लागलोय. ईमॅक्स दिवसभर उघडाच असतो, तरी उत्तर द्यायचं म्हटलं की मट आणखी एक ईमॅक्स सुरू करतो. नऊ सेकंद जातात, मोजलेत मी."

"सेटिंगची फाइल केवढी आहे तुझी?"

"ते नको विचारू."

सेटिंगची फाइल जेवढी फुगलेली, तेवढा ईमॅक्स उघडायला वेळ. ज्यांना हे विचारलेलं आवडत नाही, त्यांच्यासाठीच हा आढावा. मट म्हणजे टर्मिनलमध्ये, कमांड टंकायच्या खिडकीत, चालणारा मेलचा प्रोग्राम; ईमॅक्स आणि विम हे मजकूर लिहायचे एडिटर.

आधी मट काय करतो ते बघू. लिहिण्याचं काम तो बाहेरच्या एडिटरकडे सोपवतो. तो उत्तराचा मसुदा एका तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतो, 'एडिटर' या सेटिंगमध्ये जी कमांड दिली असेल ती चालवतो आणि ती संपायची वाट बघतो. संपली की फाइल तपासतो. फाइलला हातच लागला नसेल तर मेल रद्द. सगळी गंमत आणि सगळा घोळ या वाट बघण्यात आहे.

विमवाल्यांचं पटकन उरकतो. विम पापणी लवायच्या आत उघडतो, मटची फाइल नावावरून ओळखतो आणि 72 रकान्यांवर ओळी मोडायला लागतो. चालू विमकडे फाइल सोपवायची सोय आहे, रिमोट-वेट नावाची. पण लिनक्सवर त्यासाठी विम त्या सोयीसकट बांधलेला (कंपाइल केलेला) लागतो आणि जुन्या आवृत्त्यांत टर्मिनलमधल्या विमलाही मागे एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, लागतो. नीओव्हिम या विमच्या नव्या अवतारासाठी तर लोक एनव्हीआर नावाचं वेगळं साधन बसवतात. अर्धा सेकंदही न वाचवणाऱ्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? विमवाले असाल तर दर वेळी नवा विम उघडा आणि सुखी राहा.

ईमॅक्सचं तसं नाही. तिथे 2009 च्या 23 व्या आवृत्तीपासून डीमन आहे: ईमॅक्स एकदाच सुरू होऊन मागे बसून राहतो आणि ईमॅक्सक्लायंट ही छोटी कमांड त्याच्याकडे फाइल पोचवते. मटच्या एडिटर सेटिंगमध्ये हिचं नाव घातलं की नऊ सेकंद संपले. डीमन चालू नसेल तर तोही सुरू व्हावा म्हणून कमांडीला 'डॅश ए' (-a) हा पर्याय आणि रिकामं अवतरण ("") जोडून ठेवा.

वेग हा मात्र लहान फायदा. खरी मजा अशी की मेल लिहिताना तुमचं सगळं सामान हाताशी असतं. सकाळी कॉपी केलेला कोडचा तुकडा, उघड्या नोंदी, सगळं तिथेच. 'व्यवस्थापकीय' हा शब्द दुसऱ्या उघड्या फाइलमध्ये कुठेही असेल तर 'व्यव' लिहून ऑल्ट आणि तिरकी रेघ दाबायची, शब्द पुरा. नव्याने उघडलेल्या ईमॅक्सला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता उघडायचं कुठे? ईमॅक्सक्लायंटला 'डॅश टी' दिलं तर ईमॅक्स त्याच टर्मिनलमध्ये, मटच्या जागी येतो. काम झालं की पुन्हा मट. इंग्रजी मेलसाठी याहून सुटसुटीत काही नाही, नजर एकाच खिडकीत राहते. मराठीत मात्र बहुतेक टर्मिनलांत हाल. टर्मिनलचं डोकं चौकोनी घरांचं: जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि कर्सर दिसतो तिथे नसतोच. 'क्षेत्रीय' मधलं एक अक्षर खोडायला गेलो की शेजारचं जातं.

म्हणून मराठी लिहिणाऱ्यांनी 'डॅश सी' घ्यावं. ते ईमॅक्सची स्वतंत्र ग्राफिकल खिडकी उघडतं. 2020 च्या 27 व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरं मांडायला हार्फबझ वापरू शकतो. तशी बांधणी आणि चांगला देवनागरी फॉन्ट असेल तर जोडाक्षरं नीट दिसतात. देवनागरी टंकायच्या इन्स्क्रिप्ट आणि आयट्रान्स या पद्धती आतच आहेत, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून चालू-बंद करायचं. मी स्वतः हेच वापरतो, इंग्रजी मेललाही.

यात टर्मिनलमध्ये 'वेटिंग फॉर ईमॅक्स' एवढीच ओळ दिसत राहते आणि मट गोठतो. मला ते खटकायचं, म्हणून एकदा शहाणपणा करून 'डॅश एन', म्हणजे थांबू नकोस, असं जोडलं. त्या संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीला टँकरच्या हिशेबाबद्दल चाळीस ओळींचा मेल लिहिला, सेव्ह केला आणि मटकडे वळलो. तिथे मेल केव्हाच रद्द झालेला! क्लायंट क्षणात परतला होता, मटने बघितलं की फाइल जशीच्या तशी आहे, आणि ती पुसून तो मोकळा झाला. मी त्यानंतर जे सेव्ह केलं ते कुणीच वाचणार नव्हतं. नशीब, मजकूर ईमॅक्समध्ये शाबूत होता. नवा मेल उघडून चिकटवला. जीविम, म्हणजे खिडकीतला विम, वापरणारेही याच खड्ड्यात पडतात: तो पार्श्वभूमीत पळतो आणि मटला वाटतं काम झालं. त्याला 'डॅश एफ' लागतं.

गोठलेला मट खुपत असेल तर त्याच्या नव्या आवृत्त्यांत 'बॅकग्राउंड एडिट' हे सेटिंग आहे, ते लावा. किंवा मट सोडून एर्क हा दुसरा मेलचा प्रोग्राम बघा. तो एडिटर स्वतःच्याच एका टॅबमध्ये उघडतो, त्यामुळे बाजूच्या टॅबमध्ये जुना मेल वाचता येतो.

सवयीची एकच गोष्ट: लिहून झालं की सेव्ह करून थांबू नका, कंट्रोल-एक्स आणि मग हॅशचं चिन्ह. तेव्हाच मटला निरोप जातो.

डीमनचा जाचही सांगतो. लॉगिनबरोबर सिस्टिमडीने (लिनक्सवर मागची कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) सुरू केला तर शेलमध्ये ठरवलेले पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे ते पत्ते, त्याला कळत नाहीत. स्पेलचेकर सापडत नाही ही तक्रार बहुधा तिथली. शिवाय सगळी अंडी एका टोपलीत: तो कोसळला तर मेलसकट सगळं जातं, मग ऑटोसेव्हच्या फाइली शोधत बसायचं.

आतेभावाच्या लॅपटॉपवर 'डॅश सी' लावून दिलं. विभागाच्या सर्व्हरवर तो एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, मट चालवतो, तिथे मात्र लॅपटॉपवरचा ईमॅक्स सहजासहजी पोचत नाही. तिथे साधा विम ठेवलाय. कुरकुरला थोडा, पण तिथून जाणारे मेल इंग्रजीत आणि चार ओळींचे असतात.